आधी पद्धत, मग खरेदी : लिव्हरपूलची पुनर्बांधणी

इंग्लंडमध्ये फुटबॉल क्लबच्या मुख्य प्रशिक्षकाला ‘मॅनेजर’ म्हणण्याची जुनी प्रथा असून, सरावाची आखणी, संघनिवड आणि खेळाडूंची खरेदी-विक्री या तिन्ही बाबतींत त्याचाच शब्द अखेरचा मानला जावा, असे तेथे दीर्घकाळ गृहीत धरले जात होते. संघ घसरणीला लागला की मॅनेजर बदलायचा आणि नव्या मॅनेजरच्या हाती खरेदीसाठी पैसा द्यायचा, हा उपाय त्यातूनच रुळला. परंतु त्याने संघ सावरण्याऐवजी अधिकच विस्कटल्याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत. सर ॲलेक्स फर्ग्युसन २०१३ मध्ये निवृत्त झाल्यावर मँचेस्टर युनायटेडने डेव्हिड मॉयेस, लुई व्हान खाल आणि जोसे मोरिन्यो अशा परस्परांशी न जुळणाऱ्या विचारांच्या तिघांना पाच-सहा वर्षांत आणले आणि घालवलेही, आणि एकाच्या पसंतीने घेतलेले खेळाडू दुसऱ्याच्या पद्धतीत बसेनासे झाले. २०१४ मध्ये जवळपास सहा कोटी पौंड मोजून आणलेल्या आंखेल दि मारियाची वर्षभरातच पॅरिसला रवानगी झाली, यातच त्या धोरणाची किंमत दिसते. याच काळात तेथून पन्नासेक किलोमीटरवर असलेल्या लिव्हरपूलने निराळा क्रम धरला.

लिव्हरपूलच्या नावावर तोवर १८ राष्ट्रीय विजेतेपदे होती, पण त्यांतील शेवटचे १९९० चे होते. फेनवे स्पोर्ट्स ग्रुप या अमेरिकी कंपनीने २०१० मध्ये सुमारे ३० कोटी पौंडांना क्लब विकत घेतला, आणि ब्रेंडन रॉजर्स यांच्या हाताखाली २०१४ मध्ये विजेतेपद अगदी हाताशी येऊन निसटले. त्यानंतर लुईस सुआरेझ बार्सिलोनाला गेला आणि त्याची जागा भरण्यासाठी मारिओ बालोटेली, ख्रिस्तियान बेंटेके असे आघाडीपटू घेतले गेले खरे, पण ही निवड एका समितीमार्फत होत असे आणि संघ कसा खेळणार याबाबत समिती आणि मॅनेजर यांच्यात एकवाक्यता नव्हती. ४ ऑक्टोबर २०१५ रोजी एव्हर्टनशी १-१ अशी बरोबरी झाल्यावर रॉजर्स यांना दूर करण्यात आले. संघ तेव्हा दहाव्या स्थानी होता. चारच दिवसांनी जर्मन प्रशिक्षक युर्गन क्लॉप यांची नियुक्ती झाली.

ही नियुक्ती कशी झाली, हे समजून घेण्यासारखे आहे. क्लॉप यांनी बोरुसिया डॉर्टमुंडला २०११ आणि २०१२ मध्ये जर्मनीचे विजेतेपद मिळवून दिले होते, मात्र तेथील त्यांच्या अखेरच्या हंगामात संघ सातव्या क्रमांकावर राहिला आणि क्लॉप यांची जादू ओसरल्याची चर्चा सुरू झाली. लिव्हरपूलच्या संशोधन विभागाचे प्रमुख इयन ग्रॅहम हे केंब्रिजमध्ये भौतिकशास्त्रात डॉक्टरेट केलेले गृहस्थ. मैदानावरील प्रत्येक पास, धाव वा फटका यांमुळे गोल होण्याची शक्यता किती वाढली वा घटली, याचा हिशेब मांडणारे गणिती प्रारूप त्यांनी तयार केले होते, आणि त्या प्रारूपानुसार डॉर्टमुंडचा तो हंगाम खेळाच्या दर्जाच्या दृष्टीने जर्मनीत दुसऱ्या क्रमांकाचा ठरत होता. संघ चांगला खेळला होता, गोल तेवढे पडले नव्हते. गुणतालिकेपलीकडे पाहण्याची ही सवय लिव्हरपूलमध्ये पुढेही टिकली.

क्लॉप यांनी पहिल्या हिवाळ्यात खरेदी जवळपास केलीच नाही. हाती आलेल्या खेळाडूंनाच त्यांनी ‘गेगेनप्रेसिंग’ शिकवायला घेतले. चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे गेला की बहुतेक संघ आपल्या गोलच्या दिशेने मागे सरकून फळी उभी करतात. या पद्धतीत मात्र चेंडू गमावल्याच्या पुढच्या चार-पाच सेकंदांत, जिथे तो गमावला तिथेच, जवळचे तीन-चार खेळाडू एकवटून तो हिसकावून घेण्याचा प्रयत्न करतात. कबड्डीत चढाई करणाऱ्याला मध्यरेषेकडे वळण्याची उसंत न देता साखळी धरून घेरतात, तसाच हा घेर असतो. आणि त्यामागचा विचार असा की, चेंडू नुकताच मिळवलेला संघ आक्रमणासाठी पांगू लागलेला असतो, त्यामुळे त्याच क्षणी त्याचा बचाव सर्वांत उघडा पडतो. एकाने पळण्यात कसूर केली तरी घेराला भगदाड पडते, म्हणून ही पद्धत एखाद्या गुणवान खेळाडूच्या भरवशावर चालत नाही, अकराही जणांना ती अंगवळणी पडावी लागते.

यातून संघातील कोण टिकेल आणि कोणाला निरोप द्यावा लागेल, हे कामगिरीवरूनच उघड झाले. रॉबर्टो फर्मिनो हा ब्राझीलचा खेळाडू क्लॉप येण्यापूर्वीच संघात होता आणि त्याला कधी बगलेवर, तर कधी उजव्या बाजूच्या बचावालाही मदत करावी लागेल अशा जागी खेळवले जाई. क्लॉप यांनी त्याला आक्रमणाच्या मध्यभागी आणले आणि पुढची कित्येक वर्षे प्रतिस्पर्धी बचावपटूंवर पहिला दाब त्याचाच असे. या नव्या पद्धतीची किंमतही मोजावी लागली. शरीराला सवय नसलेल्या धावपळीमुळे त्या हिवाळ्यात मांडीच्या मागच्या स्नायूंच्या दुखापतींनी संघ बेजार झाला, आणि हंगामाअखेरीस संघ ६० गुणांसह आठव्या स्थानी राहिला. पुढच्या हंगामासाठी बायर्न म्युनिकमधून आहारतज्ज्ञ मोना नेमर आणि तंदुरुस्तीचे प्रशिक्षक आंद्रेआस कोर्नमायर यांना आणण्यात आले. २०१८ मध्ये तर केवळ थ्रो-इन शिकवण्यासाठी डेन्मार्कचे थॉमस ग्रोनेमार्क यांना बोलावण्यात आले. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेल्यावर तो हाताने आत टाकण्याचा हा साधा प्रकार सामन्यात कितीतरी वेळा घडतो, तरी त्याचा वेगळा सराव करावा असे फारसे कोणाला सुचले नव्हते.

मॅनेजरच्या अधिकाराविषयीची जुनी कल्पना लिव्हरपूलने याच टप्प्यावर मोडली, आणि पुनर्बांधणीतील सर्वांत मोलाचा निर्णय तोच म्हणावा लागेल. २०१६ च्या अखेरीस मायकेल एडवर्ड्स हे क्रीडा संचालक झाले. मॅनेजरने कोणत्या गुणांचा खेळाडू हवा ते सांगायचे, संशोधन विभागाने आणि निरीक्षकांनी नावे काढायची, संचालकाने सौदा करायचा आणि कोणावरही दुसऱ्याची निवड लादायची नाही, अशी कामाची वाटणी ठरली. २०१७ मध्ये क्लॉप यांच्या मनात जर्मनीचा युलियान ब्रांट होता, मात्र एडवर्ड्स आणि त्यांचे सहकारी इजिप्तच्या मोहम्मद सलाहचा आग्रह सोडीनात. चेल्सीत संधी न मिळालेला आणि इंग्लंडमध्ये अपयशी म्हणून शिक्का बसलेला सलाह रोमाकडून आला आणि पहिल्याच हंगामात त्याने लीगमध्ये ३२ गोल केले. नामांकित प्रशिक्षकाने आपली पसंती बाजूला ठेवून सहकाऱ्यांचे ऐकावे, ही गोष्ट या खेळात दुर्मीळ आहे आणि क्लॉप यांच्या थोरवीत तिची गणना व्हायला हवी.

त्याच उन्हाळ्यात खालच्या श्रेणीत घसरलेल्या हल सिटीकडून अँडी रॉबर्टसन हा डावा बचावपटू सुमारे ८० लाख पौंडांत आला. पहिले काही महिने तो बहुतांशी राखीवच होता. १४ जानेवारी २०१८ रोजी, लीगमध्ये तोवर अपराजित असलेल्या मँचेस्टर सिटीविरुद्ध, उत्तरार्धात तो आपली जागा सोडून चेंडूमागे धावला. चेंडू काइल वॉकरकडे, तेथून जॉन स्टोन्सकडे, तेथून थेट गोलरक्षक एडरसनकडे गेला, आणि रॉबर्टसन प्रत्येकाच्या अंगावर जात सिटीच्या गोलपर्यंत पोहोचून, वळून पुन्हा निकोलास ओटामेंडीवर झेपावला आणि त्याला पाडून फाउल करून बसला. चेंडू काही मिळाला नाही, तरी अ‍ॅनफिल्ड या लिव्हरपूलच्या मैदानावरील प्रेक्षकांनी गोल झाल्यासारखा जल्लोष केला. लिव्हरपूलने तो सामना ४-३ असा जिंकला. सव्वादोन वर्षांपूर्वी सुरू झालेली शिकवण संघाच्या अंगात किती भिनली होती, हे त्या काही सेकंदांत दिसले.

बचाव मात्र अजून कच्चा होता. मध्यवर्ती बचावपटू म्हणून साउदम्प्टनचा व्हर्जिल व्हान डाइक हवा, हे २०१७ च्या उन्हाळ्यातच ठरले होते. पण बोलणी फिसकटली आणि लिव्हरपूलला जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. अशा वेळी दुसऱ्या पसंतीचा बचावपटू घेऊन मोकळे होण्याचा मोह क्लबने टाळला आणि सहा महिने थांबून जानेवारीत ७.५ कोटी पौंडांना, म्हणजे बचावपटूसाठी तोवर कोणी न दिलेल्या किमतीला, व्हान डाइकलाच आणले. त्याच महिन्यात फिलिप कुटिन्हो हा लाडका मध्यरक्षक बार्सिलोनाला विकला गेला आणि सुमारे १४ कोटी पौंडांचा तो व्यवहार क्लबच्या खर्चाला आधार ठरला. पुढे गोलरक्षक अ‍ॅलिसन आल्यावर परिणाम आकड्यांत उतरला: २०१५-१६ मध्ये लीगमध्ये संघाने ५० गोल खाल्ले होते, २०१८-१९ मध्ये ते २२ वर आले.

मालकांच्या संयमाची नोंदही करायला हवी. क्लॉप यांनी पहिल्या तीन हंगामांत तीन अंतिम सामने गमावले: लीग कपमध्ये सिटीकडून, युरोपा लीगमध्ये सेव्हियाकडून आणि २०१८ मध्ये कीव्ह येथे चॅम्पियन्स लीगमध्ये रेआल माद्रिदकडून. अन्यत्र एवढ्यावर गच्छंती झाली असती. लिव्हरपूलचे मालक मात्र दरवर्षी वाढत जाणारी खेळाची पातळी पाहत राहिले, आणि २०१९ मध्ये उपांत्य फेरीत बार्सिलोनाविरुद्धची तीन गोलांची पिछाडी अ‍ॅनफिल्डवर ४-० ने भरून काढत संघाने माद्रिद येथे युरोपचे विजेतेपद मिळवले. लीगमध्ये त्या वर्षी ९७ गुण मिळवूनही एका गुणाने दुसरे राहिलेल्या संघाने पुढच्या हंगामात ९९ गुणांसह तीस वर्षांचा उपवास सोडला.

या कारभारात उणिवा नव्हत्या असे नाही. विजेत्या मध्यफळीचे वय वाढत असताना तिची डागडुजी लांबणीवर पडली आणि २०२२-२३ मध्ये संघ पाचव्या स्थानी घसरला. मग एकाच उन्हाळ्यात हेंडरसन, फाबिन्यो, मिल्नर यांना निरोप देऊन मॅकअ‍ॅलिस्टर, सोबोस्लाय, ग्रावेनबर्ख यांच्यासह नवी मध्यफळी उभारावी लागली. क्लॉप २०२४ मध्ये पायउतार झाले आणि नेदरलँड्सचे अर्ने स्लॉट आले, तेव्हा त्यांनी पहिल्या हंगामासाठी मैदानी खेळाडूंत फक्त फेडेरिको किएझा यालाच नव्याने घेतले. बाकी संघ क्लॉप यांनी घडवलेलाच होता, आणि एप्रिल २०२५ मध्ये चार सामने शिल्लक असतानाच त्याने लीगचे विजेतेपद जिंकले.