गुमास्ते यंत्रातले, शहाणपण बाजारातले

दसरा उलटला, की वऱ्हाडात कापूस घरी येऊ लागतो. पुण्या-मुंबईच्या स्वयंपाकघरांत चकल्या तळल्या जात असतात, त्या सुमारास बुलढाणा जिल्ह्यातील धामणगाव बढेसारख्या गावांच्या शिवारात वेचणी चाललेली असते. तिथल्या घरांची दिवाळी एका प्रश्नावर अवलंबून : भाव काय मिळेल? वाचकांना नवल वाटेल, परंतु आजचे संगणकशास्त्रज्ञही याच प्रश्नापाशी येऊन ठेपले आहेत.

ते कसे, पाहा. संगणकाच्या दुनियेत ‘एजंट’ नावाची नोकरमंडळी आली आहे. ही माणसे नव्हेत, आज्ञावल्या आहेत. आपण त्यांना गुमास्ते म्हणू. मोबाइलवर तुम्ही एखादे पान उघडता आणि ते दिसेपर्यंतच्या क्षणार्धात त्यावरील जाहिरातीच्या जागेचा लिलाव होऊन जातो. बोली लावणारे सारे गुमास्ते! प्रत्येकाचा धनी वेगळा, प्रत्येकाचे इमान आपल्याच धन्याशी. अशा मंडळींचा बाजार सुरळीत चालावा कसा? ‘खरे बोला’ हा उपदेश त्यांच्यापुढे व्यर्थ. उपाय एकच : खरे बोलण्यातच ज्याचा त्याचा फायदा होईल, असे नियम बांधायचे.

वऱ्हाडला हे सूत्र नवे नाही. पूर्वी देशातील अनेक बाजारांत व्यापारी आणि अडत्या रुमालाखाली हात धरून बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत. ज्याचा माल, तोच अंधारात! भारतातील पहिला नियंत्रित कापूस बाजार १८८६ साली वऱ्हाडातच, कारंजा येथे सुरू झाला. १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा झाला. पुढे ठिकठिकाणच्या बाजार कायद्यांनी रुमाल दूर करून उघड लिलाव आणला. माणसे तीच राहिली; नियम बदलला, म्हणून वागणे बदलले.

याचे गणित मांडले अर्थशास्त्रज्ञांनी. १९४४ साली फॉन नॉयमान आणि मॉर्गेनस्टर्न यांच्या ग्रंथाने ‘गेम थिअरी’चा पाया घातला. १९६१ मध्ये विल्यम विक्री यांनी (आडनावही कसे समर्पक!) बंद चिठ्ठ्यांच्या लिलावाचा एक नियम अभ्यासला : माल सर्वांत मोठ्या बोलीला, पण किंमत दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीची.

समजा, एका ढिगावर तीन चिठ्ठ्या आल्या : क्विंटलला ७,०००, ७,१०० आणि ७,२०० रुपये. माल तिसऱ्याचा, द्यायचे ७,१००च. शेतकऱ्याचे शंभर बुडाले, असे वाटेल. पण व्यापाऱ्याच्या मनात शिरून पाहा. कमी लिहिले, तर त्याची किंमत कमी होत नाही, माल मात्र हातचा जाऊ शकतो. जास्त लिहिले, तर तोट्यात पडण्याची भीती. तेव्हा मनातला खरा आकडा लिहिणेच शहाणपणाचे. इतरांच्या बोलीचे अंदाज बांधण्याची कटकट संपली! विक्री यांना १९९६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आणि गूगलने २००२ मध्ये जाहिरातींसाठी या पद्धतीचीच एक चुलत बहीण वापरात आणली.

तरीही एक रोग नियमांना सहजी दाद देत नाही. तो म्हणजे संगनमत. त्या तिघांनी चहाच्या टपरीवर ठरवले, की दोघे ५,००० लिहितील, तर तिसऱ्याला ढीग ५,०००लाच मिळेल. गुमास्तेही यात मागे नाहीत. किमती ठरवणाऱ्या आज्ञावल्या एकमेकींशी अक्षरही न बोलता चढे भाव धरून ठेवायला शिकतात, हे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका संगणकीय प्रयोगात दिसून आले. यावर औषधे जुनीच : किमान बोली आधी ठरवणे आणि दूरदूरचे गिऱ्हाईक बाजारात आणणे. १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेल्या ‘ई-नाम’ या राष्ट्रीय बाजाराचा एक हेतू हाच आहे.

तेव्हा यंत्रे बोली लावू लागली, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. हुरळून जाण्याचेही नाही. बोली कोण लावतो, यापेक्षा नियम कोण बांधतो हे महत्त्वाचे. आणि ते बांधताना ढिगामागे उभ्या असलेल्या माणसाला कुणी विचारले का, हेही!