सातबारा आणि फेरफार

घराण्याचा इतिहास शोधताना सातबाऱ्यावरील नावांची यादी म्हणजेच वंशावळ, असा समज सर्रास आढळतो. सातबारा हा महसुली अभिलेख असून त्यातील गाव नमुना 7 मध्ये हक्कांची आणि गाव नमुना 12 मध्ये पिकांची नोंद असते. ते हक्क वारसा, खरेदी वा वाटणीने कसे बदलले, हे मात्र फेरफार नोंदवहीत (गाव नमुना 6) लिहिलेले असते. सातबारा पासबुकातील शिल्लक रकमेसारखा असला, तर फेरफार त्यातील प्रत्येक जमाखर्चाच्या ओळीसारखा असतो.

पश्चिम महाराष्ट्र व कोकणात जुन्या उताऱ्यावर मालक म्हणून पूर्वजाचे नाव नसले, की तो त्या जमिनीत नव्हताच, असे मानले जाते. ते बरोबर नाही. 1948 च्या कुळकायद्यातील दुरुस्तीनुसार 1 एप्रिल 1957 रोजी, म्हणजे कृषकदिनी, अनेक कुळे (खंडाने जमीन कसणारे) मानीव खरेदीदार ठरली आणि किंमत ठरून ती फेडल्यावर त्यांची नावे मालकी रकान्यात आली. तोवर त्याच शेतात राबणाऱ्या घराण्याचा माग बहुधा ‘इतर हक्क’ या दुर्लक्षित रकान्यातच लागतो. नमुना 12 मधील पिकांवरून ते घर ज्वारीवर जगत होते की भातावर, याचाही अंदाज येतो.