एका घरात दोन चुली

आपल्याकडे एका घरात दोन चुली मांडल्या, की भावाभावांचे बिनसले असे लोक समजतात. नेदरलँड्समध्ये मात्र गेल्या काही वर्षांत हजारो घरांत मुद्दाम दोन चुली मांडल्या गेल्या आहेत आणि त्या गुण्यागोविंदाने नांदतही आहेत. पहिली चूल जुनीच, म्हणजे माळ्यावर किंवा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भिंतीला टांगलेला गॅसचा बॉयलर. दुसरी नवी : अंगणात किंवा छपरावर बसवलेला, दिसायला आपल्या एअर कंडिशनरच्या बाहेरच्या पेटीसारखा उष्णता-पंप. नवी चूल आली तर जुनी काढून का टाकत नाहीत? प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर शोधताना शाळेच्या व कनिष्ठ महाविद्यालयाच्या पुस्तकांतले उष्णतेचे बहुतेक सगळे धडे कामाला येतात.

बॉयलर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर साखर कारखान्यातले धूड उभे राहते. घरातला बॉयलर तसा नसतो आणि त्यात वाफही होत नाही. भिंतीवरच्या लहान कपाटाएवढ्या पेटीत गॅस जळतो, पाणी तापते आणि एक छोटा पंप ते पाणी खोल्याखोल्यांतील रेडिएटरमधून फिरवतो. रेडिएटर म्हणजे खिडकीखाली बसवलेली पोकळ लोखंडी पट्टी. नळाला येणारे गरम पाणीही बहुधा याच पेटीतून मिळते.

या पेट्या नेदरलँड्समध्ये घरोघर पोचल्या त्यामागे एक शोध आहे. १९५९ मध्ये त्या देशाच्या उत्तरेस, ग्रोनिंगेन प्रांतातील स्लोख्तेरन गावाजवळ नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला. पुढच्या दशकात देशभर वायूच्या नळ्या पडल्या आणि कोळशाच्या शेगड्या गेल्या. पण जमिनीखालच्या सच्छिद्र वालुकाश्मातून वायू काढत गेले तसा तिथला दाब कमी झाला, खडक दबू लागला आणि भूकंपाचे धक्के बसू लागले. १६ ऑगस्ट २०१२ रोजी हाउझिंगे येथे ३.६ तीव्रतेचा धक्का बसला. आकडा लहान दिसतो. परंतु केंद्र अवघे तीनएक किलोमीटर खोल असल्यामुळे घरांना तडे गेले. अखेर १ ऑक्टोबर २०२३ रोजी तिथले नियमित उत्पादन थांबवण्यात आले. दरम्यान २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे गॅसचे भाव भडकले होते. त्याच वर्षी डच सरकारने जाहीर केले, की २०२६ पासून जुना बॉयलर बदलताना निदान जोडीला उष्णता-पंप बसवावाच लागेल. २०२४ मध्ये आलेल्या नव्या आघाडीने ही सक्ती रद्द केली. म्हणजे निर्णय पुन्हा ज्याच्या त्याच्या घरावर आला, आणि तो घ्यायचा तर हिशेब समजायला हवा.

तो हिशेब आपण इथे करून पाहू.

थंड हवेतून उष्णता काढून घर गरम करता येते, असे वर्गात सांगितले तर निम्मी मुले हसतील. त्यांना आधी स्वयंपाकाच्या गॅसच्या सिलिंडरकडे न्यावे. हॉटेलातील मोठ्या शेगडीला जोडलेला सिलिंडर बराच वेळ चालला, की बाहेरून गार पडतो. त्यावर दव जमते, क्वचित हिमही धरते. आत द्रवरूप प्रोपेन व ब्युटेन असतात. त्यांचे बाष्पीभवन होताना लागणारी अप्रकट उष्णता सिलिंडरच्या धातूतून आणि भोवतालच्या हवेतून घेतली जाते. प्रोपेनचा उत्कलनबिंदू साध्या दाबाला उणे ४२ अंश सेल्सिअस आहे. त्याच्या दृष्टीने शून्य अंशाची हवासुद्धा चांगली ऊबदारच म्हणायची.

उष्णता-पंपात नेमके हेच घडते. नव्या पंपांपैकी अनेकांत तर प्रोपेनच वापरतात. बाहेरच्या पेटीतील नळ्यांमध्ये कमी दाबाखालचा द्रव हवेतून उष्णता घेऊन वायू होतो. विजेवर चालणारा कॉम्प्रेसर त्या वायूला दाबतो. सायकलचा पंप मारताना जसा तापतो, तसा हा वायूही तापतो. मग तो घरातल्या पाण्याभोवतीच्या नळ्यांत जातो, तिथे त्याचा पुन्हा द्रव होतो आणि घेतलेली उष्णता तो पाण्याला देऊन टाकतो. एका बारीक झडपेतून बाहेर पडताना द्रवाचा दाब उतरतो, तो गार होतो आणि फेरा पुन्हा सुरू. आपला फ्रिजही हेच करतो. त्याच्या मागे किंवा बाजूला हात लावून पाहावा : भाजीपाल्यातून काढलेली उष्णता तिथे बाहेर येत असते.

कल्पना जुनी आहे. विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८५२ मध्येच अशा यंत्राने इमारती तापवता येतील असे मांडले होते. झुरिकच्या नगरभवनाला तर १९३८ पासून लिमाट नदीच्या पाण्यातून काढलेली ऊब मिळू लागली. तरीही त्या काळी ती मागे पडली याचे कारण सरळ आहे. कोळसा, तेल आणि वायू स्वस्त होते.

एक युनिट वीज खर्च करून तीन-चार युनिट उष्णता मिळते, हे ऐकून एखादा चौकस विद्यार्थी ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम पुढे करील. त्याचे कौतुक करावे आणि सांगावे, की नियम मोडलेला नाही. वीज इथे हमाली करते. ओझे बाहेरच्या हवेतले आहे, आणि हमालीची ऊर्जाही शेवटी उष्णता होऊन घरातच येते. एक युनिट विजेमागे घरात आलेली उष्णता जितकी युनिट, त्या आकड्याला तंत्रज्ञ सीओपी म्हणतात. आपण या लेखापुरते 'पट' म्हणू.

हा पट मात्र रोज सारखा नसतो. ज्यांनी विहिरीवरची मोट पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. पाणी जितके खोल आणि थारोळे जितके उंच, तितके बैल अधिक दमतात. उष्णता-पंपाच्या बाबतीत बाहेरच्या हवेचे तापमान म्हणजे विहिरीतली पातळी आणि रेडिएटरच्या पाण्याचे तापमान म्हणजे थारोळे. आदर्श यंत्राचा पट काढण्याचे सूत्र कार्नोच्या सिद्धांतावरून मिळते : गरम बाजूचे केल्विनमधील तापमान भागिले दोन्ही बाजूंतील फरक. प्रत्यक्ष यंत्र याच्या साधारण चाळीस ते पन्नास टक्केच गाठते. आपण ४५ टक्के धरू.

बाहेर ७ अंश आणि रेडिएटरला ४० अंशांचे पाणी पुरेसे असेल, तर ३१३ भागिले ३३, म्हणजे सुमारे ९.५, त्याचे ४५ टक्के ४.३. बाहेर शून्य आणि पाणी ५० अंश हवे असेल, तर ३२३ भागिले ५०, प्रत्यक्षात २.९. बाहेर उणे ७ आणि पाणी ६० अंश, तर ३३३ भागिले ६७, प्रत्यक्षात २.२. बाहेर जसजशी थंडी वाढते, तसा पट असा दोन्हीकडून मार खातो.

पाणी अधिक गरम का लागते, तर जुन्या घरांचे रेडिएटर ७०-८० अंशांच्या पाण्यासाठी निवडलेले असतात. रेडिएटरची उष्णता देण्याची क्षमता त्याच्या व खोलीच्या तापमानातील फरकाच्या १.३ व्या घाताच्या प्रमाणात बदलते. खोली २० अंश आणि रेडिएटर सरासरी ७० अंश असेल तर फरक ५०. रेडिएटर ४० अंशांवर आणला तर फरक २०. गणिताने क्षमता सुमारे ३० टक्के उरते. हे ऐकून आता सगळे रेडिएटर बदलावे लागणार असे वाटेल. पण घराची गरज तरी रोज पूर्ण कुठे असते?

समजा, एका घरातून आतबाहेरच्या तापमानात दर अंश फरकामागे ३०० वॅट उष्णता निसटते. आत २० आणि बाहेर उणे १० असेल, तर ९ किलोवॅट लागतील. बाहेर १० अंश असेल तर ३ किलोवॅट, म्हणजे एक-तृतीयांशच. ४० अंशांचा रेडिएटर जवळजवळ तेवढे देतोच. द बिल्ट येथील वेधशाळेच्या नोंदींनुसार नेदरलँड्समध्ये जानेवारीचे सरासरी तापमान साडेतीन अंशांच्या आसपास असते. तेव्हा आपल्या घराला ५ किलोवॅट लागतात. उणे १० ची रात्र तिथे येते, पण क्वचित. म्हणजे नऊ किलोवॅटच्या गरजेपैकी पाचच किलोवॅटचा पंप बसवला, तरी हिवाळ्यातले बहुसंख्य दिवस तो एकटा निभावून नेतो. आमच्या मते संपूर्ण विषयाची गुरुकिल्ली इथे आहे. सर्वांत थंड रात्रीसाठी मोठा पंप घेतला, तर किंमत वाढते आणि सौम्य दिवसांत तो सारखा बंद-चालू होत राहतो.

मोटेकडे परत जाऊ. पिकाला पाणी सर्वांत जास्त हवे असते, नेमक्या त्याच दिवसांत विहिरीने तळ गाठलेला असतो. घराचेही तसेच. अशा मोजक्या दिवसांचा टँकर म्हणजे जुना बॉयलर. थंडी वाढली की आधी तो पंपाच्या जोडीला उरलेली उष्णता पुरवतो. आणखी वाढली, की पंप थांबतो आणि बॉयलर एकटा काम करतो. नळाचे गरम पाणी बहुधा त्याच्याकडेच ठेवतात, त्यामुळे लहान घरात पाण्याची मोठी टाकी बसवावी लागत नाही.

पंप केव्हा थांबवायचा, हे यंत्रातील नियंत्रक ठरवतो. खर्चाच्या दृष्टीने नियम सोपा आहे. विजेचे एक युनिट गॅसच्या एका युनिटाच्या तिप्पट महाग असेल आणि बॉयलर गॅसमधील ९० टक्के उष्णता घरात पोचवत असेल, तर ३ गुणिले ०.९, म्हणजे २.७ हा उंबरठा झाला. पट त्याच्या वर असेपर्यंत पंप स्वस्त, खाली गेला की बॉयलर. आपल्या वरच्या आकड्यांत ही सीमा शून्याच्या जराशी खाली येते. भावांचे गुणोत्तर बदलले की सीमा हलते.

पैशांइतकाच धुराचा हिशेब महत्त्वाचा. गॅसचे १०० भाग बॉयलरमध्ये जाळले तर घराला ९० भाग उष्णता मिळते. तेच १०० भाग आधुनिक गॅस वीजकेंद्रात जाळून तारांतील गळती वजा जाता ५० भाग वीज घरी आली आणि पट ३ असला, तर १५० भाग उष्णता मिळते. तोच वायू दूर नेऊन, त्याची वीज करून, ती परत आणून सुद्धा फायदा! ज्वाला हजार अंशांहून अधिक तापलेली असते. तिने केवळ २० अंशांची खोली गरम करणे म्हणजे डोंगरावरचे पाणी वीज न काढता तसेच खाली सोडून देण्यासारखे आहे.

वीज कोळशाची असेल तर मात्र चित्र पालटते. कोळशाच्या १०० भागांतून घरी जेमतेम ३२ भाग वीज येते. पट ३ धरला तर उष्णता ९६ भाग, म्हणजे बॉयलरच्या जवळपास. परंतु तेवढ्याच उष्णतेसाठी कोळसा वायूच्या दीडपटीहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडतो. बॉयलरशी बरोबरी करायला पट पाचाच्या घरात जायला हवा. त्यामुळे 'पंप चांगला की बॉयलर' या प्रश्नाला वीज कुठून येते हे विचारल्याखेरीज उत्तर देऊ नये. नेदरलँड्समध्ये आता जवळपास निम्मी वीज वारा, ऊन आणि जैवइंधन यांपासून होते, म्हणून तिथे पारडे पंपाकडे झुकते.

जोडीचा आणखी एक गुण घराबाहेर दिसतो. कडाक्याच्या संध्याकाळी साऱ्या गल्लीतले पंप एकदम पूर्ण जोराने चालले, तर तारा आणि रोहित्रे यांच्यावर ताण येतो. वीजजाळ्यातील अशी गर्दी ही त्या देशाची आजची मोठी डोकेदुखी आहे. नेमक्या त्या संध्याकाळी बॉयलर पुढे झाला, तर जाळे सुटते.

याला आक्षेप आहेत आणि ते बिनबुडाचे नाहीत. दोन यंत्रे म्हणजे दोघांची देखभाल. गॅसची जोडणी ठेवायची म्हणजे वापर कमी झाला तरी तिचा स्थिर आकार भरत राहायचा. दमट हवेत शून्याच्या आसपास बाहेरच्या नळ्यांवर हिम धरते. ते वितळवण्यासाठी पंपाला थोडा वेळ उलटा फिरून घरातलीच ऊब बाहेर द्यावी लागते. ज्या घराच्या भिंती आणि खिडक्या चांगल्या बंदिस्त केल्या आहेत, तिथे ही जोडी नकोच. तिथे एकटा पंप पुरतो. जुन्या, गळक्या घराला मात्र आज पंप बसवून भिंतींची डागडुजी सवडीने करता येते, आणि तशी ती झाली की बॉयलरला काम उरत नाही.

वर्गासाठी एक उदाहरण देऊन ठेवतो. वीज गॅसच्या तिप्पट नव्हे, तर चौपट महाग झाली असे धरा. उंबरठा ३.६ होईल. वरचीच पद्धत वापरून, बाहेर साडेतीन अंश असताना ४५ अंशांचे पाणी लागते असे मानून, पट काढायला सांगावे. उत्तर ३.४५ येते. म्हणजे बाहेरचे तापमान चार अंशांच्या आसपास उतरले की पंप थांबेल आणि जानेवारीच्या अगदी सर्वसाधारण दिवशीही घर गॅसवर चालेल. आता भाव दुप्पटच असेल तर काय होईल, हे विद्यार्थ्यांनी शोधावे.