घरगुती बांधणीच्या विमानातील कक्षाचा अंतर्भाग

मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागातील एका निवासी इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडण्यात आले, नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवर त्याचे चाचणी-उड्डाण झाले. अशा विमानांविषयी बोलताना इंजिन, पंख आणि परवाना यांचाच विचार होतो. आसने, भिंतींचे मढवण व गालिचा ही शोभेची कामे मानली जातात. वस्तुतः त्यांचाही संबंध विमानाच्या सुरक्षिततेशीच येतो.

प्रथम वजनाचा विचार करू. अंतर्भागासह ८०० किलोग्रॅम भरणाऱ्या विमानात त्यांपैकी ८ किलोग्रॅमचे मढवण मूळ गुरुत्वमध्याच्या २ मीटर मागे बसविले, तर ८ गुणिले २ भागिले ८००, म्हणजे ०.०२ मीटर इतका गुरुत्वमध्य मागे सरकतो. दोन सेंटिमीटर ऐकावयास थोडे वाटतात. परंतु लहान विमानांत गुरुत्वमध्याची मर्यादा सेंटिमीटरांतच मोजली जाते, आणि प्रवासी व सामान यांचा भार अद्याप यावयाचा असतो. मागील मर्यादा ओलांडल्यास विमानाचे स्थैर्य घटते आणि उचल गमावलेले विमान सावरणे वैमानिकास अशक्य होऊ शकते.

खानदेशच्या उन्हाळ्यात वजनाचे महत्त्व आणखी वाढते. दाब तोच राहिल्यास १५ अंश सेल्सिअसच्या मानाने ४० अंशांस हवेची घनता सुमारे ८ टक्क्यांनी कमी होते. पंखांची उचल व इंजिनाची शक्ती दोन्ही घटतात. धावपट्टी अधिक लागते व चढण मंदावते. धुळ्याहून वायव्येस, सातपुड्यातील मोलगीच्या दिशेने जाणाऱ्या विमानास पुढे डोंगर ओलांडावयाचे असल्याने अनावश्यक किलोग्रॅमचे मोल तेथे चढणीत द्यावे लागते.

दुसरा प्रश्न आगीचा. आसनांतील साधा पॉलियुरेथेन फोम जळताना कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सायनाइड हे विषारी वायू सोडतो. बंद, अरुंद कक्षात ज्वालेपूर्वी धूरच घातक ठरतो. म्हणून नमुन्याचा तुकडा उभा टांगून त्यास ठराविक काळ ज्योत लावली जाते आणि ज्योत काढल्यावर तो किती जळतो ते पाहिले जाते. कापड, फोम व गोंद ही निरनिराळी तपासून भागत नाही. एकत्र चिकटविलेल्या थरांचे जळणे वेगळे असू शकते.

तिसरा प्रश्न आच्छादनामागे दडणाऱ्या दोषांचा. समुद्राकाठच्या दमट हवेत ॲल्युमिनियमच्या पत्र्यास टेकलेला फोम ओलावा धरून ठेवतो व गंज दृष्टीआड वाढतो. मढवणाचे पत्रे स्क्रूंनी बसवून सहज काढता येतील असे ठेवावेत, म्हणजे रिव्हेट, नियंत्रणाच्या तारा व विजेची जोडणी तपासता येते. गालिच्याची कड पायाच्या पट्ट्यांखाली येऊन त्या अडकणार नाहीत, याचीही खातरजमा व्हावी. आसने व पट्टे मढवणास नव्हे, तर सांगाड्यासच जखडलेले हवेत.

अर्थात्, अंतर्भागाचे काम शेवटी होत असले तरी त्याचा हिशेब आराखड्याच्या पहिल्या कागदावरच मांडावा लागतो. काम संपताच विमान पुन्हा तोलून गुरुत्वमध्याची नोंद नव्याने करावी. जुन्या नोंदीवर विसंबून केलेले उड्डाण म्हणजे वस्तुतः अपरिचित विमानाचे उड्डाण होय.