ताठरतेची तक्रार आणि मज्जातंतूंची साक्ष

मधुमेहतज्ज्ञाच्या दवाखान्यात पेशंट मोजे काढून बसतो. टॉर्चएवढं एक उपकरण पायाच्या अंगठ्याला टेकवतात आणि त्याचं कंपन हळूहळू वाढवत नेतात. “जाणवलं की सांगा.” हा बायोथेसिओमीटर. त्याचा आकडा 0 ते 50 व्होल्टपर्यंत चढतो. 25 ओलांडल्यावरच कंपन कळलं, तर पायाला जखमा होण्याचा धोका वाढलेला असतो.

हेच उपकरण लिंगावरही टेकवता येतं. आधी हाताच्या बोटांवर, मग लिंगाच्या दोन्ही बाजूंना आणि टोकाला. काही मिनिटांचं काम, सुई नाही की दुखणं नाही. तरीही पायाच्या मुंग्यांबद्दल भरभरून बोलणारा माणूस ताठरतेचा विषय काढत नाही. ही तक्रार काही विरळा नाही: जगभरच्या 145 अभ्यासांची 2017 मध्ये एकत्रित छाननी झाली, तेव्हा मधुमेही पुरुषांपैकी निम्म्याहून अधिकांना हा त्रास असल्याचं दिसलं.

ताठरता येते ती मज्जारज्जूच्या तळाकडून निघणाऱ्या बारीक तंतूंमुळे. त्यांच्या टोकाशी नायट्रिक ऑक्साइड सुटतो, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त भरतं. वर्षानुवर्षं चढी राहिलेली साखर हे तंतूही पोखरते आणि त्या रक्तवाहिन्याही.

मेख इथेच आहे. कंपन मेंदूपर्यंत पोहोचवतात ते जाड तंतू. ताठरता घडवतात ते बारीक, स्वायत्त तंतू. सौम्य विजेचा झटका देऊन ओटीपोटाखालच्या स्नायूचा प्रतिसाद मिलिसेकंदांत मोजणारी चाचणीही जाड तंतूंचीच. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून “सगळं मनाचे खेळ” असा शिक्का मारणं चूक, आणि पेशंटवर अन्यायही.

बारीक तंतूंचा माग आडवाटेने काढावा लागतो, तोही हृदयातून. श्वास आत घेताना ठोके वाढतात, सोडताना मंदावतात. स्वायत्त मज्जातंतू बिघडले की हा चढउतार आटतो. आडवा झालेला पेशंट उभा राहिल्यावर वरचा रक्तदाब 20 ने घसरला, तर तीही खूण. लाजेपोटी दडवलेली तक्रार अशी थेट हृदयाशी जाऊन भिडते, आणि कित्येकदा ती हृदयविकाराची आगाऊ सूचना असते.

म्हणून पुढच्या वेळी शुगरचा रिपोर्ट दाखवताना हेही डॉक्टरांना सांगा. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी चालू असेल, तर ताठरतेसाठीची सिल्डेनाफिलची गोळी मनाने घेऊ नका. दोन्ही एकत्र आल्या तर रक्तदाब जीवघेणा कोसळू शकतो.