घारापुरीची तिवरं कुणी खाल्ली?

गणपती होऊन गेले की नवी मुंबईत एक गोष्ट ठरलेली. खाडीकाठची खारफुटी कुठंतरी तपकिरी पडते आणि सोसायटीच्या ग्रुपवर फोटो येतो: "कुणीतरी विष टाकलंय." मागच्या वर्षी त्याच सुमारास आम्ही तिघं सुट्टी काढून दोन दिवस घारापुरीला रानझाडं आणि किडे बघत फिरलो. (उरणच्या बाजूनं बेट समोर दिसतं, पण लाँच पकडायला आम्ही आधी मुंबईला गेटवेवर! असो.) लेण्यांकडे फिरकलोच नाही, कारण धक्क्याजवळच तसाच तपकिरी पट्टा दिसला.

लांबून झाडं जळाल्यासारखी वाटत होती. जवळ गेल्यावर कळलं की पानं जळलेली नाहीत, खाल्लेली आहेत. मधली शीर आणि थोड्या जाड शिरा शिल्लक, फांद्यांवरून रेशमी धागे लोंबतायत, खाली काळ्या लेंड्यांचा सडा. उरलेली पानं दुमडून आत अळ्या बसलेल्या. काकड्या विकणाऱ्या मावशींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "दरवर्षी होतंय गो हे. दिवाळीपर्यंत परत हिरवं."

ही अळी हिब्लिया प्यूरा नावाच्या पतंगाची. पतंग करडा-तपकिरी आणि अगदी साधा, पण मागचे पंख उघडले की काळ्यावर नारिंगी पट्टे. जंगलखात्यात हिची ओळख सागाची शत्रू म्हणून आहे. केरळात निलंबूरच्या सागाच्या लागवडीत पावसाच्या सुरुवातीला ही अळी डोंगरच्या डोंगर बोडके करते. तिथल्या वनसंशोधन संस्थेनं मोजलं, तेव्हा कोवळ्या लागवडीत लाकडाची संभाव्य वाढ सुमारे ४४ टक्क्यांनी घटलेली आढळली. झाड मरत नाही, पण किंमत मोजतं.

मग सागावरची अळी चिखलातल्या तिवरावर कशी? जुन्या पुस्तकांत साग आणि तिवर दोन्ही निर्गुडीच्या कुळात होते. आता सागाला तुळशीच्या कुळात टाकलंय आणि तिवराला अडुळशाच्या. कुळं बदलली, अळीचा मेन्यू नाही. मला मात्र दुसराच प्रश्न पडला. सागावरची अळी धाग्यानं खाली उतरते आणि पाचोळ्यात कोष करते. इथं दिवसातून दोनदा भरती येते, कोष करणार कुठं? दुसऱ्या दिवशी ओहोटीला गुडघाभर चिखलात तासभर शोधलं. जे कोष सापडले ते सगळे वर, दुमडलेल्या पानांत. दोन दिवसांच्या बघण्यावरून नियम काढता येत नाही, पण मला तेवढ्यासाठी पुन्हा जायचंय.

आता ग्रुपवरच्या विषाबद्दल. अळीचं काम असेल तर बहुतेक वेळा फक्त तिवरं तपकिरी होतात, शेजारची चिप्पी आणि मारांडी हिरवीगार राहते. घारापुरीला नेमकं तेच होतं. काही आठवड्यांत नवी पालवी येते. पण भराव टाकून किंवा बांध घालून भरतीचं पाणी अडवलं तर एकामागून एक सगळ्याच जातींची झाडं सुकतात. पानं कुरतडलेली नसतात, लेंड्या नसतात आणि पालवीही येत नाही. हे खरंच घडतं. म्हणूनच तर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला खारफुटीच्या तोडीवर बंदी घालावी लागली.

दोन्हींना एकच "विष" म्हटलं की दोन घोटाळे होतात. एक तर कुणीतरी फवारणीची मागणी करतं, म्हणजे खेकडे, मासे आणि अळ्या टिपणारे पक्षी सगळ्यांनाच प्रसाद. दुसरं जास्त वाईट. चार वेळा तक्रार अळीची निघाली की पाचव्या वेळी, खरोखर पाणी अडवलेलं असतं तेव्हा, बघायला कुणी येत नाही.

त्यामुळे फोटो टाकायच्या आधी एक फांदी जवळून बघा. पानाचा, शेजारच्या दुसऱ्या जातीच्या झाडाचा आणि भरतीचं पाणी तिथवर पोचतंय का त्याचा, असे तीन फोटो तारखेसकट घ्या. महिन्यानं त्याच जागेचे परत घ्या. पालवी नसेल, तर तक्रार नक्की करा.

दिवाळीनंतर मी पुन्हा गेले होते. पट्टा हिरवा होता. मावशी लांबूनच हसल्या.