गेमसाठी आवाजाचा डेमो? आधी कूलर बंद करा!

नागपुरात बसून गेमला आवाज द्यायचाय? पुण्याच्या नॉडिंग हेड्स या स्टुडिओचा ‘राजी’ हा गेम २०२० मध्ये आला, २०२२ च्या आवृत्तीत त्याला हिंदी आवाजही मिळाले. म्हणजे आपल्या आवाजांनाही वाव आहे; फक्त डेमो नीट हवा. तो दीड मिनिटाच्या आत ठेवा, सगळ्यात दमदार पात्र पहिलं. जाहिरातीतला गोडवा इथे कामाचा नाही. गेममधलं बरंच काम संवादाबाहेरचं असतं: उडी मारतानाचा हुंकार, घाव बसल्यावरचं कण्हणं, पडताना अडकलेला श्वास. ‘मागे बघ!’ हे एवढंच कुजबुजून, ओरडून, धापा टाकत म्हणून बघा. किंचाळ्या शेवटी रेकॉर्ड करा, नाहीतर घसा बसलाच. एखादं पात्र बिनधास्त वऱ्हाडीत करा, मला तर तेच आवडतं. आणि कूलरची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते, म्हणून मे महिन्यात ते पहाटेच उरका. दुपारी कूलरशिवाय बंद खोलीत बसणं कोणाच्या बापाला जमणार नाही!